यादीत लिहिलेली गाडी

हायब्रीड गाडीचे फायदे मला माझ्या भाच्याच्या मुलीने समजावून सांगितले. मी ते मन लावून ऐकले, लक्षात ठेवले, आणि दोन महिन्यांनी भर बैठकीत तिचीच गाडी तिच्याकडून काढून घेण्यासाठी वापरले. आमच्या नात्यागोत्यात, घोडेगावपासून नारायणगावपर्यंत, आजही सगळे असेच सांगतात की पोरीने हौसेने नवऱ्याला गाडी दिली. तसे कागदावर लिहिलेले आहे. तो कागद मी लिहिला आणि त्यातले ते वाक्य खोटे आहे. उद्यावर टाकावे असे आता माझे वय राहिलेले नाही, म्हणून सांगतो.

मी जुन्नरला दस्तलेखक होतो. खरेदीखत, वाटणीपत्र, भाडेकरार, हक्कसोडपत्र. लोक टेबलापुढे बसून सांगत आणि मी लिहीत असे. अक्षर बरे होते आणि कोणता शब्द कुठे घातला की पुढे कटकट होत नाही हे मला ठाऊक होते. त्यामुळे नात्यातल्या लग्नाच्या याद्याही माझ्याकडेच येत. आमच्याकडे लग्न ठरले की दोन्हीकडची जाणती माणसे बसतात आणि कोणी काय करायचे ते कागदावर उतरवतात. मांडव कोणाचा, जेवण कोणाचे, नवरीला काय, नवरदेवाला काय. कागदाच्या कोपऱ्यांना हळदीकुंकू लागते, यादी मोठ्याने वाचली जाते, दोन्हीकडचे सह्या करतात आणि एकेक प्रत घेऊन जातात. वाचून झालेली यादी बदलत नाही. माझ्या हातची तर कधीच बदलली नव्हती, आणि मला त्याची घमेंड होती.

मुलगी नर्स होती. तळेघरच्याही पुढे, डोंगरातल्या एका उपकेंद्रात, कंत्राटी. आईवडील घोडेगावच्या बाहेर मळ्यात राहत. ती सहा वर्षे स्कूटरवर वर जात होती, पायाशी लसींचा डबा ठेवून. पावसाळ्यात डिंभ्याच्या पुढे धुके इतके उतरते की समोरचे जनावर अंगावर आल्यावरच दिसते. एकदा ती घसरून पडली आणि मनगट दुखावले. त्यानंतर तिने गाडी घ्यायची ठरवली. पगारातून साठवलेले होते, थोडे वडील घालणार होते. बुकिंगचे कागद घेऊन ती माझ्याकडे जुन्नरला आली.

"आबा, एकदा वाचून बघा. कुठं फसवत नाहीत ना, एवढंच."

मी चष्मा लावून वाचू लागलो. गाडीची किंमत बघून म्हणालो, "एवढ्यात तर दुसरी मोठी येईल."

"मोठी काय करायचीय? मला काय वऱ्हाड न्यायचंय?"

"मग ती विजेवरची घे. सगळे घेतात आता."

"वर पावसाळ्यात चार-चार दिवस लाईट नसते, आबा. चार्ज कुठं करू, भातखाचरात?"

मग तिने टेबलावरचा एक रद्दी कागद ओढला आणि मागच्या बाजूला एक रेघ काढली. खाली घोडेगाव, वर तळेघर. "जाताना चढ, येताना उतार. उतारावर आपण ब्रेक दाबतो ना, त्यातली ताकद फुकट जाते. या गाडीत ती बॅटरीत भरते. म्हणजे सकाळी घाट चढताना मी जे पेट्रोल जाळते त्यातलं थोडं तो घाटच मला संध्याकाळी परत देतो. वायर लावायची नाही, काही नाही."

"आणि घाट संपला की?"

"मंचरच्या चौकात अडकले की इंजिन आपलं आपण बंद होतं. बॅटरीवर हळूहळू सरकते. आवाज नाही, धूर नाही. कधी ॲम्ब्युलन्स आली नाही आणि एखादी अडलेली बाई मागं झोपवून आणायची झाली, तर गिअर टाकताना हिसका बसत नाही."

"महाग पडत नाही का?"

"महागच आहे. पण मी रोज एवढी फिरते की चार-पाच वर्षांत फरक भरून निघेल. ज्याला घर ते बाजार एवढंच जायचंय त्यानं घेऊ नये, पैसे वाया."

तिला सगळे पाठ होते. किती दिवस विचार केला असेल. शेवटी तिने विचारले, "गाडी माझ्याच नावावर राहील ना?" मी त्या ओळीवर बोट ठेवून तिचे नाव दाखवले. ती हसली, माझ्यासाठी आणलेले तांदूळ ठेवून गेली.

त्याच सुमारास स्थळ आले. मुलगा नारायणगावजवळचा, टोमॅटो आणि द्राक्षे, स्वतःची जमीन, बाजारात ऊठबस. मुलगा शांत वाटला. नोकरी चालू ठेवायला त्यांनी हो म्हटले. नारायणगावाहून तळेघर म्हणजे मंचर, घोडेगाव करून जवळजवळ दुप्पट अंतर, पण मुलगी म्हणाली, गाडी येतेच आहे, जमेल. या "जमेल"वर तिने होकार दिला. तेव्हा मला हे पुरते माहीत होते, ते लिहून ठेवतो.

याद्यांची बैठक भाच्याच्या अंगणात झाली. तीसेक माणसे सतरंज्यांवर. चहा झाला, शेंगदाणे झाले, तंबाखू मळून झाली. मुलाचे वडील मांडी घालून मध्यभागी बसले होते आणि दातात अडकलेला शेंगदाणा करंगळीच्या नखाने काढत होते. काढून त्यांनी तो पाहिला आणि परत तोंडात टाकला. मला ते तेव्हा दिसले, आणि तरी मी त्यांच्याकडे बघून हसलो.

"हुंडा-बिंडा आमाला चालत न्हाई," ते म्हणाले. "पोरगी आन नारळ द्या, बास."

सगळ्यांनी माना डोलावल्या. केवढा मोठा माणूस, असे दोघेतिघे म्हणाले. मग त्यांच्याकडचे एक म्हातारे पावणे, इतका वेळ भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेले, डोळे न उघडताच बोलले.

"पोरीनं गाडी बुक केलीय म्हणं."

"व्हय," भाचा म्हणाला. "तिच्या नोकरीसाठी."

"मंग ती मांडवात उभी राहील का न्हाई?"

"राहील की."

"आन नाव कुणाचं? नवरीचं?" त्यांनी एक डोळा उघडला. "म्हंजी नवरदेव बायकोच्या गाडीत मागं बसून वरातीला जानार. लई मज्जा राव."

हशा झाला. मुलाचे वडील हसले नाहीत. ते म्हणाले, "आमी काय मागत न्हाई. पर चार मानसं काय म्हनतील, त्याचा इचार तुमी करा." आणि त्यांनी शेंगदाण्याची ताटली पुढे ओढली.

भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी त्याचा मामा. अशा वेळी बोलायचा मान माझा होता, आणि मी तो घेतला. मी बोलू लागलो आणि माझ्या तोंडातून तिचे शब्द बाहेर पडू लागले. ही गाडी साधी नाही. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालते. नारायणगावच्या गर्दीत, बाजारात, इंजिन बंद राहून सरकते. धूर नाही, आवाज नाही. उतारावर बॅटरी आपोआप भरते. वायर लावायला नको. बसणाऱ्याला हिसका नाही. अशी गाडी दारात असणे ही घराची शोभा आहे. मग मी माझे स्वतःचे एक वाक्य जोडले. गाडी शेवटी एकाच घरात राहणार, नाव दोघांपैकी कोणाचे का असेना.

फक्त एक गोष्ट मी गाळली. ज्याला घर ते बाजार एवढेच जायचे आहे त्याने ही गाडी घेऊ नये, हे तिने सांगितले होते. ते मी मुद्दाम गाळले. चाळीस वर्षे मी लोकांच्या सांगण्यातले काय लिहायचे आणि काय गाळायचे हेच करत आलो होतो.

"मामांना इंजनाचं बी कळतंय व्हय?" मुलाचे वडील म्हणाले. "आमाला वाटलं नुसते कागद काळे करता."

परत हशा झाला. आणि मला, सत्तरी ओलांडलेल्या माणसाला, त्या हशाने गुदगुल्या झाल्या. आज ते आठवले की तोंडाला आंबट पाणी सुटते.

मी लिहिले: "वराच्या नावे हायब्रीड मोटार एक, वधूच्या राजीखुशीने."

राजीखुशीने हा माझा रोजचा शब्द. हक्कसोडपत्रात तो मी शेकडो वेळा लिहिला होता. बहिणी भावांच्या नावे जमिनी सोडायला यायच्या, डोक्यावरून पदर घेऊन बाकावर बसायच्या, आणि मी त्यांना काहीही न विचारता लिहायचो की कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, राजीखुशीने. काही जणी अंगठा उठवताना रडत असायच्या. मी शाईचे पॅड पुढे सरकवायचो. त्या दिवशी हात आपोआप त्याच वळणाने गेला, असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगितले. तेही खरे नाही. गाडी हुंड्यात धरली जाऊ नये म्हणून तो शब्द मी विचार करून घातला.

यादी वाचायला मी उभा राहिलो. त्या ओळीवर आलो तेव्हा मुलगी पानाचे तबक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात होती. ती तिथेच थांबली. तिने माझ्याकडे पाहिले. मी पुढची ओळ वाचली, वाजंत्री वधूपक्षाकडे. तिने तबक उंबऱ्यावर ठेवले आणि आत गेली. कोणीतरी पुढे होऊन ते उचलले.

जेवण झाल्यावर मी नळावर हात धूत होतो. ती मागून आली.

"आबा, मी कधी म्हणाले?"

"अगं, घरातच राहणार गाडी. तुझं ते त्याचं."

"मग माझ्याच नावावर राहू द्या."

माझ्या तोंडात पान होते. रस गिळून मी म्हणालो, "वाचून झालंय आता. सोयरीक मोडू का? तू सांग, मोडतो."

मी हे अशा आवाजात म्हणालो की पलीकडे उभ्या असलेल्या तिच्या आईला ऐकू जावे. आईने लगेच डोळ्याला पदर लावला. बुकिंगवरचे नाव बदलायचा अर्जही मीच लिहिला. खाली तिची सही लागत होती. तिने केली.

लग्नात रुखवताशेजारी गाडी उभी होती, पुढच्या काचेवर लाल रिबिनीचे फूल. माईकवरचा माणूस अधूनमधून सांगत होता की वधुपित्याकडून जावईबापूंना हायब्रीड मोटार भेट. तिच्या सहा वर्षांच्या पगाराचे नाव वधुपिता झाले होते. मला फेटा बांधला. तो आधी कोणाच्या तरी डोक्यावर होता, आतून ओलसर होता. मी तो दिवसभर उतरवला नाही.

पुढे काय झाले ते मला भाच्याकडून कळत गेले. लग्नानंतर पहिले पंधरा दिवस नवऱ्याने तिला वर सोडले. मग द्राक्षांचे काम निघाले. ती म्हणाली, मी चालवते, मला येते. तर सासरे म्हणाले, घाटात घासली तर? नव्या गाडीला चरा पडला तर लोक काय म्हणतील? मग ती जीपने जाऊ लागली. नारायणगाव ते मंचर, मंचर ते घोडेगाव, घोडेगाव ते तळेघर आणि तिथून पायी. तीन जीपा जाताना, तीन येताना. एक जीप भरायला अर्धा तास लागतो. गाडी दारात झाकून उभी असे. सासरे तिच्यातून बाजारात जात आणि परत येत.

पावसाळा सुरू झाल्यावर दरड आली की जीपा बंद. महिन्यात दोन-तीन खाडे झाले, ती गेली नाही म्हणून एका वस्तीवर लसीकरण राहिले. तिने कोणाला दोष दिला नाही. राजीनामा दिला आणि माहेरी येऊन बसली. म्हणाली, गाडी माझ्या नावावर करा, मी परत कामाला लागते आणि नांदायलाही येते.

परत बैठक झाली. मुलाच्या वडिलांनी खिशातून यादीची प्रत काढली. तिला प्लास्टिकचे कव्हर घातले होते. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि कागद माझ्यापुढे धरला.

"मामा, ह्ये अक्षर तुमचंच ना? पोरीच्या खुशीनं. मंग आता ह्यो तमाशा कशाला?"

मुलगी आतल्या खोलीत होती. दार उघडे होते. भाचा माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर एकच मागणे होते, की पोरगी सासरी जाऊ दे. मी म्हणालो, "लिहिलंय ते खरंच आहे. तिनं सांगितलं होतं मला."

पहिल्या वेळी मी न विचारता लिहिले होते. या वेळी विचारल्यावर खोटे बोललो. दोन्हींत फरक आहे आणि दुसरे जास्त घाण आहे. ती त्याच दिवशी सासरी गेली. मला वाकून नमस्कार न करता गेली, तर भाचा तिला ओरडला. मी मोठेपणाने म्हणालो, असू दे.

गेल्या वर्षी मी काही कामाने नारायणगावला गेलो होतो. चौकात तिचे सासरे भेटले. गाडीतच होते. "मामा, बसा. बेल्ह्याला चाललोय, बाजाराला. शर्यतीचा खोंड बघायचाय. तुमी बी चला."

मी बसलो. त्या गाडीत पहिल्यांदाच बसलो. आत तंबाखू, घाम आणि सडक्या टोमॅटोचा वास होता. मागच्या सीटवर दोन रिकामे क्रेट आडवे टाकले होते आणि सीटच्या कापडावर वाळलेल्या रसाचे तपकिरी ओघळ होते. दाराच्या कप्प्यात तंबाखूची पिचकारी मारायची बाटली होती, अर्धी भरलेली. मी पाय जवळ घेतले.

स्टँडपाशी गर्दीत गाडी हळू झाली. जीपांच्या रांगेत मुलगी उभी होती. खांद्याला पिशवी, हातात डबा. आता ती आळेफाट्याला एका खाजगी दवाखान्यात जाते हे मला ऐकून माहीत होते. आळेफाटा आमच्याच वाटेवर.

"सूनबाई हाय बघा," सासरे म्हणाले.

गाडी तिच्यापासून चार हातांवर होती. तिने गाडी पाहिली, मग मला पाहिले.

"तिला जीपची सवय हाये," ते म्हणाले. "एकदा बसवली का रोजचंच व्हतंय मंग."

मी काच खाली करायचे बटण शोधत होतो आणि ते सापडेपर्यंत गाडी पुढे गेली, असे मी नंतर घरी सांगितले. बटण माझ्या हाताखालीच होते.

चौक सुटल्यावर ते मान तिरकी करून म्हणाले, "ऐका मामा. आवाज येतो का? इंजिन बंद हाये राव. बॅटरीवं चाललीय. उतार आला का आपोआप भरती. वायर न्हाई, काय न्हाई. आन बसनाऱ्याला हिसका न्हाई." त्यांनी बाटली उचलून पिचकारी मारली आणि मनगटाने तोंड पुसले. रस्ता सपाट होता. त्या सपाट रस्त्यावर ते मला घाटाचे फायदे ऐकवत होते, शब्द न् शब्द, त्या पोरीने माझ्या टेबलावर रेघ काढून सांगितलेले. तिच्या तोंडून माझ्यात आले, माझ्या तोंडून यांच्यात गेले, आणि आता थुंकीसकट परत माझ्याकडे येत होते.

बेल्ह्याच्या बाजारात त्यांनी एका खोंडाचे तोंड उघडून दात पाहायला सुरुवात केली. मी एका टेंपोमागे जाऊन ओकलो. एक ओळखीचा व्यापारी म्हणाला, "बाबा, ऊन लागलं." ऊन नव्हते. मी सासऱ्यांना न सांगता एसटीने परत आलो.

दुसऱ्या दिवशी भाच्याकडे गेलो आणि सगळे सांगितले. तो शेण भरत होता. त्याने घमेले खाली ठेवले नाही.

"मामा, मला काय माहीत न्हाई व्हय?" तो म्हणाला. "पर आता कशाला उकरता? पोरगी नांदतीय."

मग मी आळेफाट्याला गेलो. दवाखान्यात पेशंटांच्या बाकावर बसलो. ती सलाईन लावून बाहेर आली, मला पाहून तिला आधी वाटले असेल की माझे काही दुखते आहे. तिने बीपीचे यंत्र हाताशी ओढले. मी म्हणालो, "मला काही झालं नाही. मी यादीत खोटं लिहिलं होतं, ते सांगायला आलोय."

"कोणाला सांगताय?" ती म्हणाली. "मला? मला त्या दिवशीच माहीत होतं, आबा. मीच होते ना तबक घेऊन."

"ते गाडी विकायला निघालेत," ती म्हणाली. "मोठी घ्यायचीय. वर एका उपकेंद्रात जागा निघालीय, मी अर्ज केलाय. तुम्हाला बोलायचंच असेल तर गाडी जायच्या आत बोला. तिथंच, अंगणात, त्याच माणसांसमोर. मी या वेळी आत बसणार नाही."

माणसे गोळा करायला मला दहा दिवस लागले. कोणाला ऊस होता, कोणाला लग्न. मी फोन करत राहिलो. भाच्याने मेहेरबानी केल्यासारखी सतरंजी टाकली. जावई आला होता आणि सगळ्यांत मागे बसला होता. मुलगी पुढे, सतरंजीच्या कडेला, पुरुषांच्या रांगेत बसली. दोन म्हाताऱ्यांनी तोंडे दुसरीकडे केली.

मी उभा राहून सांगितले. मुलीने गाडी द्यायला कधीही हो म्हटले नव्हते. मी तिला विचारले नव्हते. लिहिले ते खोटे आणि दुसऱ्या बैठकीत बोललो तेही खोटे. गाडी तिच्या पगाराची आहे आणि तिच्या नावावर व्हायला हवी.

कोणी दचकले नाही. मला वाटले होते की निदान खळबळ होईल. पण तिथे बसलेल्या प्रत्येकाला हे आधीपासून माहीत होते. ते फक्त माझ्या बोलण्याने अवघडले, जेवताना कोणी वाईट ढेकर द्यावा तसे. एकाने मोबाईल काढला. एक उठून लघवीला गेला आणि परत आला नाही.

मुलाचे वडील माझ्याकडे न बघता भाच्याला म्हणाले, "मामांचं वय झालं आता. डोकं ठिकान्यावर ऱ्हात न्हाई मानसाचं. बेल्ह्याला बी मधीच उठून गेलं, कुनाला न सांगता. दवाखान्यात दावा एकदा."

"व्हय व्हय," भिंतीकडून आवाज आले. सगळ्यांना सुटल्यासारखे झाले. मला वेड लागले आहे असे ठरले की बाकीच्यांना घरी जाता येणार होते. आणि खरे सांगतो, एक क्षण मलाही ते बरे वाटले. वेडा ठरलो तर तेव्हाचाही वेडाच ठरेन.

मुलगी म्हणाली, "आबांचं डोकं ठीक आहे. यादी लिहिताना पण ठीकच होतं."

मग ती मागे वळून नवऱ्याला म्हणाली, "तू बोल. कागद तुझ्या नावावर आहेत."

तो बराच वेळ सतरंजीचा धागा ओढत बसला. "गाडी घेऊन जा तू वर," तो शेवटी म्हणाला. "मी न्हाई म्हनत न्हाई. नावाचं नंतर बघू."

"आधी नाव."

"गिऱ्हाइकाला शब्द दिलाय," त्याचे वडील म्हणाले. "आळ्याचा मानूस हाय. परवा येऊन नेनार. शब्द म्हंजी शब्द."

तिने नवऱ्याकडे पाहिले. त्याने वडिलांकडे पाहिले. तेवढे पुरे होते. ती उठली, घरात जाऊन पिशवी घेऊन आली. पिशवी आधीच भरलेली होती; वरच्या उपकेंद्रातली नेमणूक त्याच आठवड्यात आली होती. आईने हात धरला तो तिने हळूच सोडवला.

मी तिच्या मागे घोडेगावच्या स्टँडवर गेलो. माझे पाय चालत नाहीत, ती पुढे आणि मी पन्नास पावले मागे. तळेघरची जीप निम्मी भरली होती. ती मधल्या सीटवर खिडकीशी बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. मी जीपच्या दारापाशी उभा राहिलो. माफ कर म्हणायला तोंड उघडले, तर ड्रायव्हरला वाटले मला चढायचे आहे.

"या बाबा, चढा," तो म्हणाला. "जागा हाये."

तिने खिडकीतून समोर बघत सांगितले, "ते येणार नाहीत. त्यांना घेऊ नका."

त्याने दार ओढून घेतले. आणखी चार माणसे भरायची होती, म्हणून जीप बराच वेळ तिथेच उभी राहिली, आणि मीही.